त्रितारा प्रणालीतील क्ष-किरण नेमक्या कोणत्या टकरीतून येतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ओ वर्गाच्या, म्हणजे अतिशय तप्त आणि भारी अशा, तीन ताऱ्यांच्या एका प्रणालीवर काम करत आहात. त्यांपैकी दोन तारे एकमेकांभोवती ४.२ दिवसांत फिरतात आणि तिसरा या जोडीभोवती सुमारे नऊ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीने तीन वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन निरीक्षणे तुम्हाला संग्रहातून मिळाली. त्यांवरून क्ष-किरणांतील तेजस्विता एकूण तेजस्वितेच्या कोटीत चार भाग एवढी निघाली, वर्णपटाला ०.३ आणि २.० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचे एकक, इथे तापमानासाठी) अशी दोन तापमाने बसली आणि दुसऱ्या खेपेला तारा १५ टक्के अधिक तेजस्वी दिसला. हे जादा क्ष-किरण तिसऱ्या ताऱ्याचा वारा, म्हणजे त्याच्यावरून सतत बाहेर वाहणारा वायू, आतल्या जोडीच्या वाऱ्यांवर आदळल्यामुळे येतात, असे तुमच्या मार्गदर्शकांचे मत आहे. ते आतल्या जोडीतच निर्माण होतात, असे तुमचा सहकारी म्हणतो. प्रबंधात काय लिहावे, हे तुम्ही विचारले आहे.

हातात असलेल्या दोन वर्णपटांवरून दोघांपैकी एकाचेही म्हणणे सिद्ध होत नाही. गेली वीसेक वर्षे मी भारी ताऱ्यांचे क्ष-किरण वर्णपट हाताळत आलो आहे, आणि या विषयात सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच आहे, की प्रश्न 'वारे टकरतात का' असा समजला जातो. ओ वर्गाचे दोन तारे शेजारी असतील तर त्यांचे वारे टकरणारच. ते टाळण्याचा मार्ग त्यांच्याकडे नाही. खरा प्रश्न असा, की त्या टकरीतून मोजता येण्याजोगे क्ष-किरण निघतात का आणि टकरीची ठिकाणे एकाहून अधिक असतील तर मोजलेल्या किरणांपैकी किती कोणत्या ठिकाणचे. प्रत्येक टकरीला स्वतःचे तापमान असते, तिच्यावर शोषणाचा स्वतःचा पडदा असतो आणि कक्षेच्या आवर्तकाळाने चालणारे तिचे स्वतःचे घड्याळ असते. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्याशिवाय मी ठिकाणाचे नाव घेत नाही.

सुरुवात एकट्या ताऱ्यापासून करू, कारण जादा किती हे ठरवायला मूळ किती ते माहीत हवे. ओ वर्गाच्या ताऱ्याचा वारा त्याच्या अतिनील प्रकाशाच्या रेट्याने चालतो. वायूमधील अणू ठरावीक वर्णरेषांमध्ये प्रकाश शोषतात आणि त्या प्रकाशाचा संवेग घेऊन बाहेर फेकले जातात. ही प्रक्रिया अंगभूतच अस्थिर असल्यामुळे वाऱ्यातील वेगवान भाग मंद भागांवर आदळतात आणि साध्या, एकट्या ताऱ्याच्या वाऱ्यातही क्ष-किरण निर्माण होतात. १९७८च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेने हे किरण पहिल्यांदा पकडले, आणि तेव्हापासून हाती आलेला ढोबळ नियम असा, की एकट्या ओ ताऱ्याची क्ष-किरण तेजस्विता त्याच्या एकूण तेजस्वितेच्या कोटीत एक भाग असते. या नियमाभोवतीचे विखुरण मात्र लहान नाही. दुप्पट किंवा अडीचपट येणे हे एकट्या ताऱ्यातही आश्चर्याचे मानत नाहीत. तुमचे 'कोटीत चार' त्यामुळे लक्ष वेधणारे आहे, पण निर्णायक नाही. त्यातच तारा धुळीमागे असेल आणि तुम्ही आंतरतारकीय शोषणाची दुरुस्ती केली असेल, तर ०.३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, घटकाची दुरुस्त तेजस्विता शोषणाच्या अंदाजातील लहानशा चुकीनेही दुप्पट होऊ शकते. स्तंभघनता (दृष्टिरेषेतील शोषक वायूचे प्रमाण) तुम्ही मोकळी सोडली होती की धुळीमुळे ताऱ्याला आलेल्या लालीवरून आलेल्या मूल्यावर बांधली होती, हे प्रश्नात लिहिलेले नाही. ते आधी तपासा.

जोडतारे म्हणजे क्ष-किरणांत हटकून तेजस्वी, हा आइन्स्टाइनच्या काळातला समजही पुढे टिकला नाही. एक्सएमएम-न्यूटन आणि चंद्रा या दुर्बिणींनी मोठ्या संख्येने ओ तारे पाहिले तेव्हा असे दिसले, की बहुसंख्य ओ-ओ जोड्या एकट्या ताऱ्यांच्याच रेषेवर बसतात आणि ठळकपणे वर येणाऱ्या जोड्या थोड्या आहेत. 'प्रणाली त्रितारा आहे म्हणून जादा क्ष-किरण' हा युक्तिवाद त्यामुळे परीक्षक मान्य करणार नाहीत.

आता टकरीकडे येऊ. दोन वारे समोरासमोर येतात तेव्हा दोहोंचा संवेग-दाब समान होतो तिथे एक सीमा बनते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आघात-तरंग उभे राहतात. दुर्बळ वाऱ्याच्या ताऱ्याभोवती ही सीमा छत्रीसारखी वाकते. आघातातून गेलेल्या वायूचे तापमान वेगाच्या वर्गाने वाढते: सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाला साधारण १ कोटी ४० लाख केल्विन, म्हणजे सुमारे १.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, २,००० किलोमीटरला त्याच्या चौपट, सुमारे ४.७; आणि ३,००० किलोमीटरला साडेदहा. हे समोरासमोरच्या टकरीचे आकडे आहेत. छत्रीच्या कडांकडे वारा तिरका आदळतो, तिथे तापमान कमी असते, आणि वर्णपटात आपल्याला या सगळ्यांची सरमिसळ दिसते.

ऊर्जेची कमतरता कधीच नसते, हेही ध्यानात घ्या. दहा लाख वर्षांत एका सूर्याएवढे वस्तुमान २,००० किलोमीटर वेगाने बाहेर टाकणाऱ्या वाऱ्याची गतिज शक्ती आपल्या सूर्याच्या तेजस्वितेच्या तीनशे पटींहून अधिक भरते. 'ऊर्जेचा हिशेब जुळतो' हे वाक्य अनेक शोधनिबंधांत दिसते, पण त्याने आतली टक्कर आणि बाहेरची टक्कर यांत काहीच निवड होत नाही, कारण हिशेब दोन्हीकडे जुळतो.

निवड करायला उपयोगी पडते ती तापलेल्या वायूची थंड होण्याची वेळ. तापलेला वायू टकरीच्या प्रदेशातून वाहून जाण्याआधीच थंड होतो का, हे दाखवणारी एक संख्या स्टीव्हन्स, ब्लॉन्डिन आणि पोलॉक यांनी १९९२ मध्ये रूढ केली, आणि मी आजही कोणत्याही नव्या ताऱ्याला हात लावताना कागदावर तीच आधी मांडतो. वेग हजार किलोमीटर प्रतिसेकंद या एककात घेऊन त्याचा चौथा घात करा, ताऱ्यापासून आघातापर्यंतच्या अंतराने, म्हणजे कोटी किलोमीटरच्या एककातील आकड्याने, गुणा आणि वाऱ्याच्या वस्तुमान-ऱ्हासाने भागा. ऱ्हासाचे एकक कोटी वर्षांत एक सूर्य. उत्तर एकाहून बरेच मोठे आले तर वायू तापलेलाच वाहून जातो, त्याला आम्ही अ‍ॅडियाबॅटिक टक्कर म्हणतो. एकाहून लहान आले तर वायू जागीच प्रारण करून थंड होतो.

तुमच्या ताऱ्याचे नाव तुम्ही दिलेले नाही, म्हणून ही आकडेमोड त्याच्यासारख्याच एका प्रसिद्ध प्रणालीवर करून दाखवतो. दक्षिण आकाशातील एनजीसी ६१९३ या तारकागुच्छात एचडी १५०१३६ नावाचा तारा आहे. त्यातील ओ३ आणि ओ६ वर्गांच्या आसपासचे दोन तारे २.६७ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. तिसरा ओ तारा सुमारे ८.२ वर्षांच्या, बऱ्याच लांबट कक्षेत आहे. २०१२-१३च्या सुमारास युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या व्हीएलटी इंटरफेरोमीटरने, म्हणजे अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या यंत्रणेने, तो वेगळा दाखवला. तिघांची वस्तुमाने अंदाजे ६३, ४० आणि ३३ सूर्य धरली तर केप्लरच्या नियमाने आतल्या जोडीतील अंतर २.६ कोटी किलोमीटर येते. बाहेरच्या कक्षेचा अर्ध-दीर्घ अक्ष ३१० कोटी किलोमीटरच्या घरात आहे, आणि ०.७३ उत्केंद्रतेमुळे (कक्षेच्या लांबटपणामुळे) सर्वांत जवळ येतानाही तिसरा तारा सुमारे ८५ कोटी किलोमीटर दूर राहतो.

आतल्या जोडीत वाऱ्यांना पूर्ण वेग घ्यायला जागाच मिळत नाही. वेग १,२०० किलोमीटर, आघात १.३ कोटी किलोमीटरवर आणि ऱ्हास दहा एकके धरला, तर १.२ चा चौथा घात २.०७, गुणिले १.३, भागिले १०. उत्तर पावाच्या आसपास. वायू जागीच थंड होणार. बाहेर मात्र वारे २,५०० किलोमीटरच्या पूर्ण वेगाने येतात. २.५ चा चौथा घात ३९. जवळच्या बिंदूवरसुद्धा आघात ४० कोटी किलोमीटरवर धरला तर उत्तर दीडशेच्या पुढे जाते. एकाच प्रणालीत दोन टकरी, आणि त्यांच्या स्वभावात पाचशे-सहाशे पटींचा फरक. वेगाच्या चौथ्या घातामुळे हा फरक इतका मोठा होतो, की वस्तुमान-ऱ्हासाचा अंदाज दोन-तीन पटींनी चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही. तो चुकण्याची शक्यता खरी आहे, कारण वारे गुठळ्यांनी भरलेले असतात आणि गुठळ्या न धरता काढलेला ऱ्हास खऱ्याहून जास्त येतो.

या दोन स्वभावांची लक्षणे वेगवेगळी असतात, आणि तुमचा निर्णय त्यांवरच व्हायला हवा. अ‍ॅडियाबॅटिक टकरीत प्रारण घनतेच्या वर्गाला आकारमानाने गुणून येते. घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि आकारमान अंतराच्या घनाच्या प्रमाणात, म्हणून क्ष-किरणांची तेजस्विता अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते: तारे जवळ आले की उजळ, दूर गेले की मंद. हंस तारकासमूहातील सिग्नस ओबी२ क्रमांक ९ या २.३५ वर्षांच्या जोडताऱ्यात जून २०११ मधल्या निकट भेटीच्या वेळी नाझे आणि सहकाऱ्यांना जवळजवळ असेच वर्तन मिळाले, आणि मी विद्यार्थ्यांना या नियमाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणून तेच दाखवतो. थंड होणाऱ्या टकरीत याच्या उलट घडू शकते. तारे जवळ आले की वाऱ्यांना वेग घ्यायला कमी जागा मिळते, टक्कर मंदावते आणि क्ष-किरण घटतात. त्याच तारकासमूहातील क्रमांक ८अ या २१.९ दिवसांच्या जोडीत निकटबिंदूच्या, म्हणजे तारे सर्वांत जवळ असण्याच्या, सुमारास तेजस्विता कमी होते आणि त्याच्या बऱ्याच आधी ती कमाल असते. म्हणून 'जवळ आल्यावर उजळला, म्हणजे टक्कर' हा सरळ नियम सर्वत्र लावू नये.

एचडी १५०१३६ कडे परत येतो. चंद्रा दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या वर्णपटावरून स्किनर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, की हा क्ष-किरणांत अत्यंत तेजस्वी ओ ताऱ्यांपैकी एक आहे. आपल्या सूर्याच्या एकूण तेजस्वितेच्या साधारण निम्मी शक्ती तो केवळ क्ष-किरणांत टाकतो. तरीही त्याचा वर्णपट मऊ आहे, तापमान ०.३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. बाहेरच्या पूर्ण वेगाच्या टकरीतून एवढी तेजस्विता आली असती तर तो वर्णपट कठीण, म्हणजे अधिक ऊर्जेच्या, क्ष-किरणांकडे स्पष्ट झुकला असता. तेजस्वी आणि मऊ हा मिलाफ आतल्या, मंद वेगाच्या, जागीच थंड होणाऱ्या टकरीकडे बोट दाखवतो. गंमत अशी, की त्याच ताऱ्याचे रेडिओ प्रारण बाहेरच्या टकरीकडे बोट दाखवते. प्रवेगित इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना निघणारे सिंक्रोट्रॉन प्रारण २० सेंटिमीटर तरंगलांबीवर बाहेर पडायचे असेल तर ते वाऱ्याच्या अपारदर्शक भागाच्या बाहेर निर्माण व्हायला हवे, आणि अशा वाऱ्यात तो भाग ताऱ्यापासून शंभर कोटी किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो. २.६ कोटी किलोमीटर अंतरावरच्या जोडीतून ते आपल्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. म्हणजे एकाच प्रणालीत बहुतांश क्ष-किरण आतले आणि रेडिओ बाहेरचे. तुमच्या मार्गदर्शकांचे आणि सहकाऱ्याचे म्हणणे एकाच वेळी, वेगवेगळ्या तरंगलांबींपुरते, बरोबर असू शकते.

रेडिओची ही कसोटी मला फार मोलाची वाटते आणि ती आपल्याला दूर जाऊन शोधावी लागत नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने हंस तारकासमूहाच्या प्रदेशाचे ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झवर खोल सर्वेक्षण केलेले आहे. तुमचा तारा तिथून दिसणाऱ्या आकाशात असेल तर कमी वारंवारतेवर त्याचे प्रारण वाढते की घटते, एवढे पाहणेही उपयोगी ठरेल. वारंवारता कमी करताना प्रारण वाढत असेल तर ते सिंक्रोट्रॉन असण्याची शक्यता बळावते आणि बाहेरच्या टकरीचे अस्तित्व क्ष-किरणांविनाच स्पष्ट होते.

आता तुमचे २.० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. समोरासमोरच्या टकरीसाठी त्याला सेकंदाला १,३०० किलोमीटर वेग पुरतो, आणि ४.२ दिवसांच्या जोडीत वारे निकटबिंदूखेरीज इतरत्र हा वेग सहज गाठू शकतात. बाहेरच्या टकरीतून शिरोभागी सहा-सात अपेक्षित असले तरी तिरक्या कडांची सरमिसळ होऊन सरासरी दोन-तीनवर येऊ शकते, विशेषतः वर्णपटात ५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे मोजकेच फोटॉन असतील तर. म्हणजे हा आकडा दोन्ही बाजूंना सोयीचा आहे. तो फोडायला ६.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टजवळची लोहाची रेषा पाहा. २४ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ही रेषा दोन-अडीच किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली फारच क्षीण असते. तुमचा वर्णपट एका डब्यात (ऊर्जेच्या एका पट्टीत) वीस फोटॉन या हिशेबाने गोळा केलेला असेल, तर ही रेषा एकाच रुंद डब्यात विरून गेलेली असेल. गोळा न केलेला वर्णपट उघडा, ६.४ ते ७.० या पट्ट्यातील फोटॉन एकेक करून मोजा, पार्श्वभूमीतून तेवढ्याच पट्ट्यात किती अपेक्षित आहेत ते बाजूला लिहा आणि योग्य संख्याशास्त्र वापरून उर्वरित किती ते ठरवा. अपेक्षा चार फोटॉनांची असताना चौदा मिळाले, तर तिथे तुमच्या दोन तापमानांच्या मॉडेलला न दिसणारा अधिक तप्त वायू आहे.

तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत इथे एक सापळा आहे. एकाच चौकटीत, एकाच ठिपक्यावर दोन मऊ फोटॉन पडले तर डिटेक्टर त्यांना एक कठीण फोटॉन समजतो. याला पाइल-अप म्हणतात आणि तो नसलेला तप्त घटक निर्माण करतो. एक्सएमएमच्या सॉफ्टवेअरमधील एपॅटप्लॉट हा आलेख काढून एकल आणि जोड (एका किंवा दोन ठिपक्यांवर नोंदलेल्या) घटनांचे गुणोत्तर अपेक्षित वक्रावर बसते का, हे तपासल्याशिवाय २.० या आकड्यावर काहीही उभारू नका.

दुसरा सापळा मी स्वतः अनुभवलेला आहे आणि तो सांगणे माझे कर्तव्य वाटते. एका तरुण तारकागुच्छातील ओ ताऱ्याच्या वर्णपटात मला ३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा घटक मिळाला. ताऱ्याला साथीदार आहे हे ज्ञात होते, टकरीचा हिशेब जुळत होता, आणि मी मसुदा लिहूनही टाकला. एका सहकारी बाईंनी विचारले, 'त्या निरीक्षणाचा प्रकाशवक्र तासातासाने काढून पाहिलात का?' तो मी काढला नव्हता. काढला तेव्हा कठीण क्ष-किरण अर्ध्या तासात चढून पुढच्या तीनेक तासांत उतरलेले दिसले. वाऱ्यांची टक्कर, जिचा प्रदेश ओलांडायला वायूलाच कित्येक तास ते दिवस लागतात, अशी चढत-उतरत नाही. चंद्रा दुर्बिणीच्या जुन्या प्रतिमेत ओ ताऱ्यापासून काही विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एक तरुण, कमी वस्तुमानाचा तारा सापडला. भडका त्याचा होता. एक्सएमएमच्या प्रतिमेचा गाभाच सुमारे सहा विकलांचा आणि निम्मी ऊर्जा पंधरा विकलांच्या वर्तुळात पसरलेली, तर चंद्राची तीक्ष्णता अर्ध्या विकलेची. एचडी १५०१३६ च्या बाबतीतही त्याच गुच्छातील एचडी १५०१३५ हा दुसरा ओ तारा केवळ दहा विकलांवर आहे. तुमच्या ताऱ्याची चंद्रा दुर्बिणीची प्रतिमा संग्रहात असेल तर ती आधी उघडा.

तिसरी शक्यता चुंबकीय क्षेत्राची. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या हृदयातला थीटा-१ ओरायनिस सी हा तारा क्ष-किरणांत तप्तही आहे आणि १५.४ दिवसांच्या नियमित चक्राने बदलतोही. पण हे चक्र त्याच्या परिवलनाचे आहे. त्याचे चुंबकीय क्षेत्र स्वतःच्याच वाऱ्याला दोन बाजूंनी विषुववृत्ताकडे वळवून आदळवते. म्हणून नुसती आवर्तता पुरेशी नाही, आवर्तकाळ कक्षेचाच आहे हे दाखवावे लागते.

शोषणाचा पडदा हे माझ्या मते सर्वांत बोलके लक्षण, कारण तो टकरीचे स्थान भूमितीने सांगतो. गॅमा व्हेलोरम या जोडताऱ्यात वुल्फ-रायेट तारा (फार दाट वाऱ्याचा तप्त तारा) आणि ओ तारा ७८.५ दिवसांच्या कक्षेत आहेत. वुल्फ-रायेट ताऱ्याचा दाट वारा बहुतेक काळ मऊ क्ष-किरण गिळून टाकतो. ओ तारा आपल्या बाजूला येतो तेव्हा त्याच्याभोवतीची विरळ पोकळी काही दिवस आपल्या दृष्टिरेषेत येते आणि मऊ किरण दिसू लागतात. रोसॅट उपग्रहाने १९९०च्या दशकात ही खिडकी उघडताना आणि मिटताना पाहिली. ज्यांना या विषयाची आवड आहे त्यांनी हिवाळ्याच्या अखेरीस, दक्षिण क्षितिज मोकळे असलेल्या जागेवरून, अगस्त्याच्या पूर्वेकडे हा तारा नुसत्या डोळ्यांनी जरूर पाहावा. पुण्याहून तो क्षितिजावर सुमारे चोवीस अंश चढतो. इटा कॅरिनी या जोडताऱ्यात हाच पडदा टोकाला जातो. साडेपाच वर्षांच्या अतिलांबट कक्षेत, हजारेक वर्षांत एका सूर्याएवढे वस्तुमान टाकणाऱ्या ताऱ्याजवळून साथीदार जातो, तेव्हा क्ष-किरण आधी वाढतात आणि मग काही दिवसांत जवळजवळ नाहीसे होतात. १९९८ आणि २००३ चे हे ग्रहणसदृश किमान सुमारे तीन महिने टिकले, पण २००९ मध्ये तारा जवळपास महिनाभर आधी सावरला. केवळ पडदा असता तर दर वेळी तो सारखाच टिकला असता. त्यामुळे निकटबिंदूपाशी साथीदाराच्या बाजूचा आघातच काही काळ कोसळतो, असे मानावे लागते. न्यूस्टार दुर्बिणीने याच प्रणालीत ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढचे अ-औष्णिक (तप्त वायूच्या उष्णतेतून न आलेले) क्ष-किरण दाखवले, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेही निकटबिंदूपाशी नाहीसे होऊन परत येतात. हे किरण टकरीचेच आहेत याला आणखी भक्कम पुरावा कोणता हवा?

अंतराच्या व्यस्त प्रमाणाच्या नियमावरही आंधळा विश्वास ठेवू नका. डब्ल्यूआर १४० ही ७.९३ वर्षांची, ०.९० उत्केंद्रतेची प्रणाली त्या नियमाची आदर्श प्रयोगशाळा मानली जाई. पोलॉक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अनेक फेऱ्यांची मोजमापे एकत्र मांडली, तेव्हा निकटबिंदूजवळ क्ष-किरण नियमाहून कमी पडतात आणि त्याच सुमारास दृश्य प्रकाशातील रेषांचे जादा प्रारण वाढते, असे दिसले. थंड होण्याची वाट क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे वळते, असा त्याचा अर्थ.

एवढ्यावरून तुमच्या १५ टक्के वाढीचे काय? बाहेरची कक्षा लांबट असेल तर तिसरा तारा नऊपैकी बहुतेक वर्षे दूरबिंदूच्या आसपास रेंगाळतो. एचडी १५०१३६ सारख्या उत्केंद्रतेत सर्वांत दूरचे अंतर सर्वांत जवळच्याच्या साडेसहा पट असते, म्हणजे बाहेरची टक्कर प्रबळ असती तर निकटबिंदूपाशी कित्येक पटींचा बदल अपेक्षित आहे. तुमची दोन्ही निरीक्षणे दूरबिंदूच्या बाजूला पडली असतील तर १५ टक्के बदल बाहेरच्या टकरीला विरोध करत नाही आणि पाठिंबाही देत नाही. त्याच वेळी ही दोन निरीक्षणे ४.२ दिवसांच्या चक्रातील दोन वेगळ्या कलांवर (टप्प्यांवर) असतील, तर तो बदल आतल्या जोडीतील ग्रहणासारख्या झाकोळीने किंवा शोषणानेही येऊ शकतो. ही गोष्ट तुम्ही आजच तपासू शकता. आतल्या जोडीचा अद्ययावत कक्षा-आराखडा घ्या, दोन्ही निरीक्षणांच्या मध्यवेळा सूर्यकेंद्रीय वेळेत बदला आणि कला काढा. मात्र आवर्तकाळातील अनिश्चितता मधल्या शेकडो फेऱ्यांवर साचून कला किती घसरू शकते, तेही सोबत लिहा. बाहेरच्या कक्षेमुळे आतल्या जोडीचा प्रकाश लवकर-उशिरा पोहोचतो, ती दुरुस्तीही विसरू नका. ३०० कोटी किलोमीटरला प्रकाशाला पावणेतीन तास लागतात.

पुढच्या वेधांचा प्रस्ताव देणार असाल तर दोन घड्याळांना दोन वेगळे कार्यक्रम लागतील. आतल्या जोडीसाठी एकाच आठवड्यात चार-पाच लहान निरीक्षणे पुरतील. स्विफ्टसारख्या चपळ उपग्रहाला ते सोपे आहे. बाहेरच्या कक्षेसाठी वर्षाला एक निरीक्षण आणि निकटबिंदूच्या आधी-नंतर काही महिने दाट वेध, आणि ही निरीक्षणे आतल्या जोडीच्या एकाच कलेवर घेता आली तर उत्तम, म्हणजे एक घड्याळ थांबवून दुसरे वाचता येईल. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेल्या मऊ क्ष-किरण दुर्बिणीच्या नोंदी संग्रहात सापडल्या तर त्या जरूर पाहा, पण तिच्या प्रतिमेचा ठिपका काही कोनीय कलांचा (अंशाच्या साठाव्या भागांचा) असल्यामुळे दाट गुच्छातल्या ताऱ्याला ती जपून वापरावी.

प्रबंधात आज काय लिहावे, तर माझा मसुदा असा राहील: 'प्रणालीची क्ष-किरण तेजस्विता एकट्या ओ ताऱ्यांच्या अपेक्षेहून सुमारे चौपट असून २.० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा घटक वाऱ्यांच्या टकरीशी सुसंगत आहे. शीतलनाच्या हिशेबानुसार आतली टक्कर प्रारणशील आणि बाहेरची अ‍ॅडियाबॅटिक असणे अपेक्षित आहे. उपलब्ध दोन निरीक्षणांवरून दोहोंचे वाटे वेगळे करता येत नाहीत.' त्याखाली स्वतःच्या ताऱ्याच्या आकड्यांनी केलेला हिशेब द्या, पाइल-अप, शेजारी आणि चुंबकत्व या तिन्ही पर्यायांचे काय केले ते लिहा. हे वाक्य मार्गदर्शकांना सौम्य वाटेल, पण तुमच्या पुराव्याची मर्यादा तेवढीच आहे.

दोन्ही निरीक्षणांची आतल्या जोडीतील कला आणि ६.४ ते ७.० पट्ट्यातील फोटॉनांची मोजणी हाती आली की इथेच लिहा. दुसऱ्या निरीक्षणाच्या वेळी तिसरा तारा निकटबिंदूपासून किती दूर होता, हेही सोबत कळवा. त्यानंतर १५ टक्क्यांचा अर्थ लावायला मी तुमच्यासोबत बसेन.